ग्राफिक्स कार्डाविना गेमिंग: मॉनिटर कुठला घ्यावा?

कोपऱ्यातला_पीसी

मंडळी, जुना मॉनिटर शेवटच्या घटका मोजतोय. साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, व्हीजीएवर चालणारा. डाव्या बाजूची बॅकलाइट गेलीय आणि मधोमध एक उभी हिरवी रेघ आलीय. गेममध्ये डावीकडून कोणी आलं की मेल्यावरच कळतं.

पीसी असा: रायझन ३ ३२००जी, वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतलंच व्हेगा ८ ग्राफिक्स. रॅम ८ जीबी. बोर्ड ए३२०, मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए. पुढची दोनेक वर्षं यात बदल होणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे 'आधी कार्ड घे' असे प्रतिसाद टळतील. खेळतो रोज व्हॅलोरंट, अधूनमधून जीटीए ५ आणि एक रेसिंगचा.

तीन पर्याय डोक्यात आहेत (आयपीएस, व्हीए हे पॅनेलचे प्रकार; हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो):
अ) २४ इंच, १०८० (१९२० बाय १०८०), आयपीएस, ७५ हर्ट्झ
ब) २७ इंच, १४४० (२५६० बाय १४४०), आयपीएस, ६० हर्ट्झ
क) २४ इंच, १०८०, व्हीए, १६५ हर्ट्झ, वक्र

मित्र म्हणतो, "तुझ्या डब्यातून सेकंदाला साठ फ्रेम निघताना मारामार, १६५ हर्ट्झ घेऊन काय चाटायचेत?" बोलणं पटतंय, पण मन क कडेच ओढतंय. सांगा.

निवांत

मित्राचं ऐका. अ घ्या, विषय संपवा.

जुनं_ते_सोनं

थांबा, इतक्यात संपवू नका. हर्ट्झच्या आधी पिक्सेल मोजा.

तुमच्या आत्ताच्या स्क्रीनवर साधारण साडेदहा लाख पिक्सेल आहेत. १०८० च्या स्क्रीनवर पावणेएकवीस लाख, म्हणजे जवळजवळ बरोब्बर दुप्पट. १४४० वर जवळपास सदतीस लाख. मॉनिटर बदलला की त्याच बिचाऱ्या व्हेगाला दुप्पट नाहीतर साडेतीनपट रंगकाम. लोक मॉनिटर बदलतात आणि दुसऱ्या दिवशी 'पीसी अचानक स्लो झाला' म्हणून व्हायरस शोधत बसतात.

'मग नव्या स्क्रीनवर गेम ७६८ लाच चालवीन' असं मनात असेल तर तेही बघून घ्या. १०८० च्या पॅनेलवर ७६८ चं चित्र ताणलं की एका पिक्सेलच्या वाट्याला आडवे आणि उभे सुमारे १.४ पिक्सेल येतात. अर्धा पिक्सेल तर पेटवता येत नाही, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रंग मिसळून वेळ मारून नेली जाते. अक्षरांच्या कडा साबण लावल्यासारख्या होतात. व्हॅलोरंटमध्ये लांबचं डोकं म्हणजे चार-पाच पिक्सेलांचा ठिपका, तो असा भिजला की झालं.

(अवांतर: जुन्या डबा मॉनिटरांना हा त्रासच नव्हता. त्यांना स्वतःचं असं ठरलेलं रिझोल्यूशन नव्हतं, द्याल ते गुपचूप दाखवायचे. वजन मात्र असं की टेबल बदलायचं तर दोन माणसं लागायची.)

तेव्हा खरेदीच्या आधी एवढं करा: घरातला टीव्ही १०८० चा असेल तर पीसी एचडीएमआयने त्याला लावा आणि तुमचेच गेम तुमच्याच सेटिंगवर अर्धा तास खेळा. टीव्ही नसेल तर ज्या गेममध्ये रेंडर स्केल (गेम आतून किती मोठं चित्र रंगवतो ते) शंभराच्या वर जातं तिथे ते १४० टक्के करा. १३६६ चे होतात १९१२ आणि ७६८ चे १०७५. मॉनिटर जुनाच राहतो, ओझं मात्र १०८० चं पडतं. जो आकडा येईल तो इथे लिहा.

कोपऱ्यातला_पीसी

टीव्हीला लावून बघितलं. सगळं लो नाहीतर नॉर्मलवर:

व्हॅलोरंट, जुन्या मॉनिटरवर ११० च्या आसपास, १०८० ला ७५.
जीटीए, जुन्यावर ५८-६०, १०८० ला ३६ ते ४२. शहरात गर्दीच्या चौकात ३३.
रेसिंग, ७६८ ला ५५. तोच १४० टक्क्यांवर ३६.

म्हणजे ब बाद. आणि खरं सांगू? टीव्हीवर जीटीए इतका सुंदर दिसला की ३८ फ्रेमचं दुःख दहा मिनिटं कळलंच नाही. मग गाडी वळवली आणि कळलं. चित्र मध्येच फाटतं. व्हीसिंक चालू केलं तर फाटणं गेलं, पण अडखळायला लागलं.

आणखी एक, टीव्हीवर माउस पाण्यातून ओढल्यासारखा का वाटतो?

जुनं_ते_सोनं

टीव्ही चित्र सजवत बसतो म्हणून. मेनूत गेम मोड शोधा, बराचसा फरक पडेल.

ब बाद केलात ते बरं झालं. त्याच्या बाजूने एक वकिली मात्र करून ठेवतो: १४४० च्या पॅनेलवर ७२० नेमकं दुपटीने बसतं, एका पिक्सेलचे चार, आणि ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग चालू केलं की कडा धारदार राहतात. पिक्सेल आर्टचे जुने गेम खेळणाऱ्याला ती चैन आहे. व्हॅलोरंटवाल्याला नाही.

फ्रेममोज्या

आता माझा विषय आला. तुमचं उत्तर त्या '३६ ते ४२' मध्ये आहे, १६५ मध्ये नाही आणि ७५ मध्येही नाही.

आधी फाटणं आणि अडखळणं. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदाला चित्र बदलतो, गेम तयार असो वा नसो. चित्र अर्धं रंगवून होत असतानाच नवीन फ्रेम आली की वरचा भाग जुना, खालचा नवा. ते फाटणं. व्हीसिंक म्हणतं, 'पूर्ण होईपर्यंत थांब'. मग ज्या फ्रेमची बस चुकली तिला पुढच्या बसपर्यंत ताटकळावं लागतं. ३८ फ्रेम निघत असतील तर काही फ्रेम एक फेरी दिसतात, काही दोन. डोळ्याला सरासरी कळत नाही, ही कमीजास्त चाल कळते. म्हणून एकसारखे ३० कधीकधी लंगड्या ३८ पेक्षा बरे वाटतात.

यावरचा इलाज अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, तुमच्या एएमडीच्या भाषेत फ्रीसिंक. त्यात पडदा गेमसाठी थांबतो. फ्रेम आली की बदलला. व्हेगा ८ ला हे जमतं, एचडीएमआयवरसुद्धा. म्हणजे ज्याचा पीसी अशक्त त्यालाच याची जास्त गरज. ज्याला कायम दोनशे फ्रेम मिळतात त्याला कशाला हवंय!

पण इथेच मेख आहे. डब्यावर नुसतं 'फ्रीसिंक' लिहिलेलं असतं. कुठपासून कुठपर्यंत, हे कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही. ७५ हर्ट्झच्या बऱ्याच मॉनिटरांची मर्यादा ४८ ते ७५ असते. तुमचा जीटीए ३६ ते ४२ वर. म्हणजे जिथे गरज तिथेच फ्रीसिंक गुल! पैसे त्याचे मोजायचे आणि चित्र फाटकंच बघायचं.

आता गंमत बघा. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर ड्रायव्हर एक युक्ती करतो: तीच फ्रेम दोनदा दाखवतो. ४० फ्रेम असतील तर पडदा ८० ला पळवतो. हिला एलएफसी म्हणतात. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा, थोडा वरचढ असला तर उत्तम. ७५ वाल्याला ४० चे ८० करता येत नाहीत, छप्पर ७५ लाच लागतं. १०० वाल्याची मर्यादा ४८ ते १०० असेल तर ४७ चे ९४ होतात आणि आरामात बसतात. हल्ली ऑफिसचे म्हणून विकले जाणारे साधे मॉनिटरही १०० हर्ट्झचे येतात. तुमच्या तीन पर्यायांत तोच नेमका नाही.

म्हणजे ७५ आणि १०० मधला फरक तुमच्यासाठी वरच्या २५ फ्रेमचा नाहीच, तो ४८ च्या खालच्या तळघराचा आहे.

आधीच ७५ हर्ट्झवाला घेऊन बसलेल्यांसाठी: सीआरयू नावाचं एक छोटं मोफत टूल आहे. त्यात ४८ चा आकडा खाली आणून बघता येतो. ३७ पर्यंत पोचलं तर ३७ ते ७५, दुप्पट जमली, एलएफसी सुरू. प्रत्येक पॅनेल ऐकेलच असं नाही. लुकलुकलं किंवा काळं झालं तर परत जा. त्याच टूलसोबत सगळं पूर्ववत करणारी फाइल येते, ती कुठे आहे ते आधी बघून ठेवा, अंधारात शोधायची वेळ येते.

उद्याचा_पीसी

फ्रेममोज्या, सगळं मान्य. पण या हिशोबाने क जास्तच चांगला ठरतो की! मर्यादा ४८ ते १६५ असेल तर एलएफसी आहेच, वर व्हॅलोरंटलाही जागा. पीसी पाच वर्षांत बदलतो, मॉनिटर दहा वर्षं टेबलावर असतो. मी आजच्या पीसीसाठी मॉनिटर कधीच घेत नाही. १४४ घेतला तेव्हा माझ्याकडे जीटीएक्स ७५० टीआय होतं, लोक हसले. आज कार्ड तिसरं आहे, मॉनिटर तोच.

शिवाय साठ फ्रेम असल्या तरी वेगवान पडद्यावर प्रत्येक फ्रेम वरून खालपर्यंत लवकर रंगून होते. साठला १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ७ च्या आत. हाताला फरक जाणवतो.

फ्रेममोज्या

हिशोब बरोबर आहे. माझा आक्षेप हर्ट्झला नाही, स्वस्तातल्या व्हीएला आहे. माझ्याकडे असा एक दोन वर्षं होता. काळा रंग अप्रतिम. कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात, आयपीएसचा साधारण १००० ला १. पण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याचे पिक्सेल इतका वेळ घेतात की रात्रीच्या दृश्यात कॅमेरा फिरवला की खांबामागे शाईचा ओघळ यायचा. डब्यावर '१ मिलिसेकंद' लिहिलेलं. तो आकडा बहुतेक वेळा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो किंवा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलांना जोराने ढकलणं) इतकं ताणून की ओघळाऐवजी पांढरी कडा दिसते. त्या एका आकड्यावर मी आता भरवसा ठेवत नाही.

दुसरी गोष्ट. ४८ ची रेघ ओलांडताना पडदा ४९ वरून एकदम ९४ वर उडी मारतो. व्हीएवर त्या उडीला उजेड थरथरतो. तुमचा जीटीए नेमका त्याच रेघेच्या अवतीभवती. सगळे व्हीए असे नसतात, महागातले बरेच सुधारलेत. पण क चं नुसतं 'वक्र' असल्याचं कौतुक असेल तर २४ इंचात वक्रता ही शोभेची वस्तू आहे.

उद्याचा_पीसी

ओघळाबद्दल +१. माझा १४४ वाला टीएन (पॅनेलचा आणखी एक प्रकार) आहे, म्हणून ओघळ नाही. खुर्ची मागे रेलली की आकाश पिवळं होतं, तेवढं सोडून.

तारांचा_गुंता

सगळे पडद्यावर बोलताय, वायरचं कोणी बोलणार आहे का?

धागाकर्ते, तुमच्या बोर्डाला डिस्प्लेपोर्ट नाही. बोर्डाच्या माहितीपत्रकात एचडीएमआय १.४ आहे का २.० ते बघा, ए३२० वर बहुतेक १.४ निघेल. १.४ वर १०८० साधारण १२० हर्ट्झपर्यंत धरून चला. म्हणजे १६५ चा आणलात तरी या पीसीवर १६५ दिसणारच नाहीत. १०० मात्र विनातक्रार जातील.

विकणारा 'कन्व्हर्टर लावा' म्हणेल. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय काढणारी साधी वायर स्वस्तात मिळते, पण तुम्हाला उलट दिशा हवी आहे. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट करायला आत चिप असलेला, वेगळी पॉवर घेणारा कन्व्हर्टर लागतो आणि फ्रीसिंक त्यातून तसंच पलीकडे पोचेल याची खात्री नाही. ती साधी वायर उलटी जोडून 'मॉनिटर डेड आला' म्हणून परत करणारे मी पाहिलेत.

आणि काही मॉनिटरांत फ्रीसिंक फक्त डिस्प्लेपोर्टवर असतं. तुमच्याकडे एचडीएमआयच आहे, तेव्हा 'फ्रीसिंक एचडीएमआयवर चालतं का' हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

जाता जाता: ८ जीबी रॅम एका स्टिकची की दोन?

कोपऱ्यातला_पीसी

एकच. का? मॉनिटरशी काय संबंध?

तारांचा_गुंता

हीच शंका होती. संबंध असा की तुमच्या व्हेगाला स्वतःची मेमरी नाही. पीसीच्याच रॅममधून तो चित्रं उचलतो. एक स्टिक म्हणजे एकपदरी रस्ता. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला २१ जीबीच्या आसपास वाहते, जोडी लावली की दुप्पट. आणि त्या एका पदरावर प्रोसेसरचीही वाहतूक. रिझोल्यूशन वाढलं की पहिली कोंडी तिथेच होते.

त्यामुळे मॉनिटर थोडा साधा घ्या आणि उरलेल्यात तशीच दुसरी स्टिक आणा. बोर्डाला चार खाचा असतील तर कुठल्या दोन वापरायच्या ते पुस्तिकेत असतं. दोनच असतील तर प्रश्न मिटला.

निवांत

मी दोन ओळींत उरकलं होतं, आता लाज वाटतेय. तरी एक भर घालतो: २४ इंचांच्या वर १०८० घेऊ नका. २४ ला इंचात ९२ पिक्सेल बसतात, २७ ला ८२. २७ वर जवळ बसलं की मला जाळी दिसते. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर साडेएकवीस इंचही वाईट नाही.

दारातला_पाहुणा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लॉगिन केलं. माझ्याकडे इंटेलचं आतलं ग्राफिक्स यूएचडी ६३० आहे. फ्रीसिंकचा मॉनिटर घेतला तर मलाही हे तळघर मिळेल का?

फ्रेममोज्या

नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सना अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक अकराव्या पिढीच्या ग्राफिक्सपासून आलं, आणि ६३० त्याच्या आधीचं. एनव्हिडियाचंही सांगून ठेवतो: त्यांनी २०१९ च्या जानेवारीत अशा मॉनिटरांना दार उघडलं, पण जीटीएक्स १० मालिकेपासून पुढे आणि डिस्प्लेपोर्टवरून. ७५० टीआय बाहेरच राहिलं.

तुमच्यासाठी दुसरा हिशोब आहे, भागाकाराचा. साठच्या पडद्यावर कामाचे दोनच आकडे सरळ बसतात, ६० आणि ३०. ४० बसत नाही: एक फ्रेम एक फेरी, पुढची दोन, परत एक, अशी लंगडी. पण १२० चा पडदा असेल तर ४० तीनदा नेमका बसतो. प्रत्येक फ्रेम २५ मिलिसेकंद, ना कमी ना जास्त. ३० म्हणजे ३३.३, ६० म्हणजे १६.७, आणि २५ बरोब्बर त्यांच्या मधोमध. नुसत्या दहा फ्रेम वाढवून अर्धं अंतर कापलं जातं. तेव्हा १२० किंवा जास्त चालणारा मॉनिटर घ्या, तो १२० ला लावा, व्हीसिंक चालू, रिवाट्यूनर या टूलने फ्रेम ४० ला बांधा. त्याआधी तुमचा पोर्ट १२० देतो का ते बघा, जुन्या बोर्डांवर तो साठलाच अडकलेला असू शकतो.

दारातला_पाहुणा

दंडवत. पोर्ट बघून कळवतो.

कोपऱ्यातला_पीसी

अपडेट. आधी दुसरी स्टिक आणली, मॉनिटर नंतर. टीव्हीला लावूनच मोजलं: जीटीए १०८० ला ३६-४२ होता तो ४८-५५ वर गेला. गर्दीच्या चौकात ४४. व्हॅलोरंट शंभराच्या आसपास. त्याच पीसीत, त्याच सेटिंगवर. ही स्टिक तीन वर्षं आधी का नाही आणली, या विचाराने जेवण गेलं नाही.

मग मॉनिटर: २४ इंच, आयपीएस, १०८०, १०० हर्ट्झ, मर्यादा ४८ ते १००, फ्रीसिंक एचडीएमआयवर. घरी आणून लावला आणि फरक शून्य. तसंच फाटतंय, तसंच अडखळतंय. तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

तारांचा_गुंता

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत बघा. ६० वर असेल.

फ्रेममोज्या

आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक बंद असेल. खाली बटणं असतात ना, ती. तिथे चालू केल्याशिवाय ड्रायव्हरला ते दिसतच नाही.

कोपऱ्यातला_पीसी

दोन्ही. ६० वर होता आणि मेनूत बंदही होतं. शिव्या परत घेतल्या.

आता एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम ९५ ला बांधल्यात, म्हणजे व्हॅलोरंट १०० च्या छपराला डोकं आपटत नाही. काल रात्री जीटीएमध्ये त्याच चौकातून गाडी काढली. कोपऱ्यातला आकडा ४४ दाखवत होता, मॉनिटरच्या मेनूत ८८. फाटलं नाही. मुद्दाम तीन चकरा मारल्या.

एकच शंका राहिलीय: अंधाऱ्या खोलीत काळा स्क्रीन असला की खालच्या उजव्या कोपऱ्यात उजेड झिरपल्यासारखा दिसतो. परत करू का?

फ्रेममोज्या

डोकं हलवून बघा. हललं की तो उजेड कमीजास्त होत असेल तर ती आयपीएसची चमक, सगळ्यांनाच असते. एकाच जागी चिकटून राहिला तर बॅकलाइट कडेने गळतेय. मग गेम चालू असताना दिसतो का, ते बघून ठरवा.

कोपऱ्यातला_पीसी

हललं की कमी होतोय. ठेवतो. जुना मॉनिटर कोणाला हवाय का? डावीकडून कोणी येत नसेल असा गेम खेळणाऱ्याला फुकट.